एका कोपऱ्यावर अडलेला क्यूब

मामाने दुबईहून आणलेला रंगीत क्यूब मी नऊ वर्षांची असताना बाबांच्याच पेटीतल्या स्क्रूड्रायव्हरने उघडला. आत काय आहे ते बघायचं होतं, बस. तुकडे फरशीभर सांडले. बाबा कामावरून यायची वेळ झाली, तेव्हा जिथे जो बसेल तिथे तो दाबून बसवला आणि क्यूब शोकेसमध्ये ठेवून दिला. कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर होते. पनवेलच्या आमच्या गल्लीतले पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी सगळ्या त्यांच्याच हातून दुरुस्त व्हायच्या. कारखान्यात जो मशीन उघडेल त्याने त्यावर आपलं नाव लिहायचं; त्या सवयीने घरातला मिक्सर उघडला तरी त्यावर खडूने स्वतःचं नाव लिहून ठेवायचे. आई वैतागून पुसायची. अशा माणसाला मामाने क्यूब देताना म्हटलं होतं, दाजी, हा जमवून दाखवा. बाबांनी ते मनावर घेतलं.

रोज चारला घरी आले की चहा आणि क्यूब. कुठला थर कसा फिरवायचा त्याचे बाण जुन्या कॅलेंडरच्या मागे काढून ठेवायचे. वर्षभरात सगळा क्यूब जुळायला लागला, एक कोपरा सोडून. तो बसायचा जागेवरच, पण रंग फिरलेले. मग बाबा सगळं मोडायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे. शेवटी पुन्हा तोच कोपरा.

मामा दर मे महिन्यात यायचा, आमरस ओरपायचा आणि सगळ्यांदेखत विचारायचा, काय दाजी, कोपरा आला का घरी? आई हसायची. मीही हसायचे. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी दहावीत असताना कारखान्यात सुपरवायझरच्या परीक्षेचे फॉर्म निघाले. साहेबांनी स्वतः सांगितलं म्हणून बाबांनी फॉर्म आणला, टीव्हीवर ठेवला आणि तारीख उलटू दिली. आई भांडली तेव्हा क्यूबकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरांचं खेळणं जमत नाही मला. परीक्षा कसली देतोय." त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक जण सुपरवायझर झाला. बाबा त्याला साहेब म्हणायला लागले.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला लॅपटॉप मिळाला. रंग भरले की क्यूब सोडवून देणाऱ्या वेबसाइट असतात, हे कॉलेजात कळलं होतं. एका रविवारी मोठ्या तोऱ्यात बाबांना शेजारी बसवलं. नेहमीसारखा कोपऱ्यावर अडलेला क्यूब हातात धरून ते एकेक बाजू वाचत गेले, मी स्क्रीनवर रंग भरत गेले. उत्तर आलं, हा क्यूब सुटू शकत नाही, रंग तपासा. बाबांना वाटलं, आपलंच वाचताना चुकलं. चष्मा पुसून त्यांनी सगळं पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. खाली आणखी एक ओळ होती: क्यूब कधी उघडला असेल तर एखादा कोपरा फिरवून बसवला गेला असेल. ती मी मोठ्याने वाचली नाही. बाबा इंग्रजी एकेक शब्द जुळवत वाचायचे, तशी त्यांनी ती वाचली.

मी घाईघाईने म्हटलं की कारखान्यातूनच तसा आला असेल, दुबईच्या मालाचं काय सांगावं. एवढी शिकले, तरी तोंडातून पहिलं खोटंच बाहेर पडलं.

बाबांनी अंगठ्याने जोर लावून तो कोपरा जागच्या जागी पिळला. कट् असा आवाज झाला आणि सहाही बाजू जुळल्या. दहा वर्षांचं काम एका अंगठ्याचं होतं.

मग त्यांनी वरचा थर थोडा तिरका फिरवून आतल्या प्लास्टिकवरचा स्क्रूड्रायव्हरचा एक बारीक ओरखडा मला दाखवला.

"हा मला पहिल्याच आठवड्यात दिसला होता," ते म्हणाले. "म्हटलं, माझी पोर आहे. उघडलं असेल, तर नीटच बसवलं असेल."