निरूचा टायमर

काल स्मशानात मला निरूचा हेवा वाटला.

माझी मुलगी तिच्यासाठी हमसून रडत होती, आणि माझ्या मनात आलं, माझ्यासाठी इतकी रडेल का?

लाज वाटली. पण आलं.

निरू काल गेली. आठ महिने आजारी होती.

एम.एस्सी.ला आम्ही एका बेंचवर होतो. तेव्हा आयटी कंपन्या कुठल्याही पदवीवाल्याला घेत होत्या. मी टेस्टिंगला गेले, निरू गायींकडे. लोणी काळभोरच्या पुढे एका फार्मवर संशोधन करायची. वाघोलीहून रोज स्कूटरने.

आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये. ती माझ्या वरच्या मजल्यावर.

"तुझ्या अंगाला एसीचा वास, माझ्या अंगाला गोठ्याचा," म्हणायची. "फायदा एकच. अख्खी लिफ्ट मला एकटीला मिळते."

व्यायलेली गाय वासराला पाजत असते, तोवर माजावर, म्हणजे पुन्हा गाभण राहायच्या अवस्थेत, लवकर येत नाही. का येत नाही, हा तिचा विषय. गायीचा मेंदू स्वतःच अफूसारखं काहीतरी तयार करतो आणि ते पुढच्या हॉर्मोन्सना दाबून धरतं, असं सांगायची.

दर पंधरा मिनिटांनी टायमर वाजायचा. वाजला की गायीच्या मानेत बसवलेल्या नळीतून थोडं रक्त घ्यायचं. शनिवारी बाटल्यांवर नंबर टाकायला केतकी जायची.

माझी केतकी.

"नुसतं दूध ओढल्यामुळे नाही गं होत," निरू एकदा म्हणाली. "गायीला बांधून दुसरीचं वासरू पाजलं, तर ती येते माजावर. आपलं असलं तरच मेंदू थांबवतो. तिला आपलं-परकं कळतं."

केतकी सहावीपासून शाळेतून थेट निरूकडे. माझं ऑफिस, माझे कॉल्स. निरूने लग्न केलं नव्हतं, मुलांची हौस आहे असंही कधी म्हणाली नाही. तरी केतकीला गणित तिनेच शिकवलेलं कळायचं. पोळीसुद्धा तिच्याच हातची लागायची.

मी जळायचे. सरळ सांगते.

एक गोष्ट मात्र माझी होती. संध्याकाळी मी आले की दार केतकी उघडायची. एका बेलमध्ये. वाटायचं, माझी वाट बघते.

मग तिला पहिल्यांदा पाळी आली. निरूला त्याच दिवशी कळलं; मला चार दिवसांनी, कपाटात पॅडचं पाकीट दिसलं तेव्हा.

मी तशीच वर गेले. निरू चहा गाळत होती.

"गायीला आपलं-परकं कळतं म्हणतेस ना? मग तुला नाही कळत?"

तिने गाळणं आपटून चोथा काढला.

"कळतं," म्हणाली. "घोटभर घेतेस?"

मी न घेता उतरले.

पुढे बोलणं सुरू झालं. पण त्या वाक्याची माफी मी मागितली नाही. हॉस्पिटलमध्ये चार-पाच वेळा शब्द ओठांवर आले. दर वेळी केतकी तिच्या पायांना तेल लावत बसलेली असायची, आणि माझं तोंड मिटायचं.

आज सकाळी आम्ही दोघी निरूचं घर आवरायला गेलो. ओट्यावर तो टायमर होता. केतकीने तो उचलून पुसला.

"हा वाजला की मला घरी यायला लागायचं. रोज सव्वासातला. होमवर्क अर्धा असला तरी. मावशी म्हणायची, ऊठ, आई येईल. दार तू उघडायचं."

"आणि तुला यायचं नसायचं?"

ती खरं बोलली.

"कधी कधी. पण ती ऐकायचीच नाही."

निरू, तुला कळत होतं.

माझी म्हणून जी एकच गोष्ट होती, तीही रोज तूच खाली पाठवत होतीस. आता याचाही हेवा वाटतोय. काय करू?

माफ कर गं. तो घोटभर चहा राहिलाच.

टायमर केतकीने ठेवून घेतलाय. मी मागितला नाही.

नीट जा, निरू.