आधी दाताळे, मग गळ

मुक्कामराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. तळ्यावरच्या कॅम्पात मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांनी ते त्यांना दिले आणि त्यांनी ते दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या कोटासारखे विनातक्रार वापरले. हंगाम संपत आला की जो तो विचारायचा, "काय, आता खाली कधी उतरणार?" उत्तर ठरलेले असे, "मुक्काम इथंच." वास्तविक कडाक्याच्या थंडीत, रस्ता बंद होण्याच्या आत, तेही बायकोला घेऊन खालच्या वस्तीत उतरत. पण ते उतरणे त्यांच्या लेखी राहण्यात जमा नव्हते. माणूस झोपेत कुठे होता हे जसे कोणी आठवून सांगत नाही, तसे ते हिवाळ्याबद्दल बोलत नसत.

कॅम्प त्यांच्याकडे लग्नाबरोबर आला. सासरे तिथले राखणदार होते. मेहुणा अजूनही म्हणे, "लोकांना सासरकडून भांडी मिळतात, दाजींना तळं मिळालं. घासत बसलेत तेव्हापासून." सासऱ्यांनी जावयाला हाताला धरून शिकवले ते वसंतातल्या कामांचा क्रम. बर्फ फुटून तळे मोकळे झाले की आधी उपड्या घातलेल्या होड्या सुलट्या करायच्या, त्यांच्या फटी सुतळीने बुजवून वर डांबर द्यायचे. मग काठावर ओढून ठेवलेला लाकडी धक्का जोडत जोडत पाण्यात न्यायचा. मग खोल्यांची धुराडी, मग पंप, मग उंदरांनी पोखरलेल्या गाद्या. आणि सगळ्यात शेवटी, काठच्या झाडांची पालवी अंगठ्याच्या नखाएवढी झाली म्हणजे, ओढ्याच्या मुखाशी दाताळे चालवायचे.

या शेवटच्या कामाला कॅम्पात मान होता. ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे बारीक गोट्यांचा पसारा आहे. वसंतात मासा तळ्यातून वर चढतो आणि त्या गोट्यांत अंडी घालतो. हिवाळाभर त्यांवर गाळ बसतो, आणि गाळात अंडी गुदमरतात. म्हणून मासा येण्याआधी लांब दांड्याचे लोखंडी दाताळे घेऊन, मांडीभर पाण्यात उभे राहून, गोटे तळापासून उकरायचे, म्हणजे सुटलेला गाळ ओढाच वाहून नेतो. सासऱ्यांचा दंडक होता : आधी दाताळे, मग पाऊल, मग गळ. दाताळे फिरेपर्यंत त्या मुखाकडे कोणी फिरकायचे नाही, डोकावायचेही नाही. माशाला माणसाची चाहूल लागता कामा नये. प्यायचे पाणीसुद्धा धक्क्यावरूनच भरायचे. मुक्कामरावांनी हा दंडक सासऱ्यांच्या मागे त्यांच्यापेक्षाही कडकपणे पाळला. जावयाने पाळायचे म्हणजे चार बोटे जास्तच पाळायचे असते.

तरीही अलीकडे मासा कमी होत गेला होता. पाहुणे दिवसभर गळ टाकून रिकाम्या हाताने परतत, आणि संध्याकाळी त्यांच्या चेष्टेला पूर्वीची चव राहिली नव्हती. मासा जितका कमी येई तितके मुक्कामराव दाताळे अधिक खोल चालवीत. त्यांना ठाऊक असलेला तेवढाच एक इलाज होता, आणि तो त्यांनी कधी अर्धवट केला नाही.

कॅम्पाचे थोरले मालक वारले. गेल्या हंगामाच्या अखेरीस धाकटे मालक आले आणि धक्क्यावर बसून, आवाज न चढवता बोलले. "मुक्कामराव, वसंतात रस्ता खुला झाला की मी येतो. एक सकाळ मुखाशी गळ टाकीन. मासा लागला तर पाहुण्यांना बोलावू. नाही लागला तर मग बंदच करू. ओढूनताणून काय उपयोग?"

"लागेल की," मुक्कामराव म्हणाले.

त्या दोन शब्दांवर त्यांनी हिवाळा काढला. कॅम्प बंद झाला तर कुठे जायचे हेही ठरलेलेच होते. मेहुण्याने शहरात फरश्यांच्या गोदामावर वॉचमनची जागा बघून ठेवली होती, जिन्याखालच्या खोलीसकट.

वसंतात तो आपला छोटा ट्रक घेऊन बरोबर आला. मदतीला आलो म्हणाला, पण ट्रक रिकामा आणला होता, आणि तो का, हे तिघांनाही कळत होते. वर पोचले तेव्हा तळ्यावर बर्फाचा कपटाही नव्हता. पाणी कधीचे मोकळे होऊन काठाशी निवांत हलत होते.

"दाजी, तळं तर आपली वाट न बघताच उघडलं की!"

"हल्ली लवकरच सुटतो बर्फ. रस्ता मात्र पूर्वीच्याच वेळेला उघडतो," मुक्कामराव डांबराचा डबा चुलीवर ठेवत म्हणाले.

"मग आधी ओढा का नाही बघत? मालक काय होडीला भुलणार आहेत? ते मासा बघायला येताहेत."

"ओढा शेवटी."

"का पण?"

"शेवटीच असतो."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिले. ती गाद्या उन्हात टाकत होती. "ताई, तू तरी सांग."

"मी काय सांगू? ह्यांना क्रम सोडून जेवायला वाढलं तर उपाशी उठतील," ती म्हणाली आणि गादीवर काठी हाणली. गादीतून उंदराचे अख्खे घरटे बाहेर पडले. "हे बघ, यांचा मुक्काम पण इथंच."

तिघेही हसले. तिचे गुडघे धरले होते. बसताना उठताना ती खांबाचा आधार घेई. शहरातल्या खोलीत नळ घरात आहे हे तिने भावाकडून एकदा ऐकले होते आणि एकदाच, सहज म्हणून, नवऱ्याला सांगितले होते. पुन्हा तिने तो विषय काढला नव्हता.

होड्या झाल्या. धक्का पाण्यात गेला. धुराड्यांतली काजळी निघाली, पंपाला नवे वॉशर बसले. काम कुठेही हयगयीचे नव्हते. रिकाम्या खोल्यांच्या बिजागऱ्यांनाही त्यांनी तेल दिले. पालवी नखाएवढी झाली त्या सकाळी मुक्कामरावांनी रबरी बूट चढवले, दाताळे खांद्यावर घेतले आणि त्या वर्षी पहिल्यांदाच ओढ्याच्या मुखाशी गेले.

वितळत्या बर्फाचे पाणी गढूळ होते; तळ दिसत नव्हता. तो दिसावा लागतही नाही. दाताळ्याच्या दात्यांतून गोटे हाताला कळतात. त्यांनी वरच्या अंगापासून सुरुवात केली. दाते रुतवायचे, अंगाचा भार टाकून मागे ओढायचे, गोटे उलटले की करकर आवाज येतो, आणि पाण्यात तपकिरी ढग उठून तळ्याकडे निघतो. ढग विरेपर्यंत थांबायचे, मग पुढचा पट्टा. एरवी ते एक फेर करीत. या वर्षी मालक येणार म्हणून त्यांनी दुसरा फेर केला, पहिल्यापेक्षा खोल, कडेच्या उथळ भागापर्यंत. दुपारी बाहेर आले तेव्हा पाय बधिर झाले होते आणि चेहऱ्यावर, मेहुण्याने नंतर बहिणीला सांगितल्याप्रमाणे, परीक्षेचा पेपर पूर्ण लिहून बाहेर पडणाऱ्या मुलाचे समाधान होते.

बायको धक्क्याच्या टोकाला पाणी भरत होती. गाळ येतो म्हणून ती बादलीच्या तोंडाला नेहमी फडके बांधी. तिने बादली वर घेतली, फडके सोडले आणि तशीच उभी राहिली.

"अहो, जरा इकडे या."

"आलो. बूट तरी काढू दे."

"राहू देत बूट. या."

फडक्यात मूठभर मणी होते. नारिंगी, आरपार दिसणारे, एकमेकांना चिकटलेले. तिने आयुष्यभर मासे साफ केले होते. कोणी काही सांगण्याची गरज नव्हती.

"गाबोळी आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण पोटातली नव्हे. घातलेली."

मुक्कामरावांनी एक दाणा बोटावर घेऊन उजेडात धरला. आत दोन काळे ठिपके होते. डोळे. म्हणजे अंडी आजकालची नव्हती. बर्फ सुटल्याबरोबर मासा वर चढला होता, गोट्यांत अंडी घालून तळ्यात परत गेला होता, आणि हे सगळे ते खालच्या वस्तीत रस्ता उघडण्याची वाट बघत असताना आणि नंतर होड्यांना डांबर देत असताना झाले होते. पालवी आपल्या वेळेला फुटली होती. बर्फाने मात्र वेळ बदलली होती, आणि माशाने पालवीकडे नव्हे, बर्फाकडे पाहिले होते.

"मागच्या वर्षी पण एखाददुसरा आला होता फडक्यात," बायको म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षीही, वाटतं. मला वाटलं कसल्या तरी किड्याची अंडी असतील. झटकून टाकली मी."

ते तिच्याकडे बघत राहिले. पण ते तिला बघत नव्हते. एकेक वसंत त्यांच्यापुढून मागे मागे जात होता, आणि प्रत्येकात ते स्वतः मांडीभर पाण्यात उभे होते, मासा कमी म्हणून आणखी जोर लावत.

त्यांनी तिच्या हातातून फडके घेतले, ओंजळीत सांभाळत मुखाकडे गेले आणि पाण्यात उतरले. काही अंडी परत गोट्यांत ठेवावीत, वर चार गोटे सारावेत, असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. चारसहा पावले आत गेल्यावर ते थांबले. खाली जे काही उरले असेल ते आता त्यांच्या बुटांखाली होते. पुढे टाकलेले पाऊल कशावर पडेल हे गढूळ पाण्यात दिसत नव्हते, आणि मागे टाकलेलेही. ते एका जागी उभे राहिले. ओढा त्यांच्या मांड्यांना वळसा घालून तळ्यात जात होता.

"दाजी!" मेहुण्याने काठावरून हाक मारली. "अडकलात का? दोर टाकू?"

त्यांनी फडक्याची ओंजळ छातीशी धरली.

"ताई, काय झालंय यांना?"

"तू गप्प बस," बहीण म्हणाली. आणि मग नवऱ्याला, तान्ह्या मुलाला समजवावे तशा स्वरात, "या बाहेर. कुठूनतरी यावंच लागेल ना? या."

आले ते. आलेल्या वाटेनेच आले, तेवढेच हातात होते. फडक्यातली अंडी त्यांनी ताटलीत पाणी घालून खिडकीत ठेवली, रोज पाणी बदलले. पण उभे पाणी त्यांना मानवले नाही; एकेक दाणा दुधासारखा पांढरा पडत गेला.

रस्त्यावरचा चिखल वाळल्यावर मालक आले. मुखाशी काठावरच उभे राहून त्यांनी सकाळभर गळ टाकला. गळाची काठी वडिलांची होती आणि हातही वडिलांसारखा मोकळा होता. गळ एकदाही हलला नाही. मेहुण्याने उगीचच दोनदा "आता लागेल, साहेब" म्हटले. शेवटी मालकांनी गळाची दोरी गुंडाळली आणि धक्क्यावर येऊन बसले.

"मुक्कामराव, तुमच्या कामात काही उणं नाही. होड्या बघितल्या, खोल्या बघितल्या. तळंच संपलं, त्याला तुम्ही काय करणार?"

बायकोने पदराआडून मान हलवली. बोलू नका, अशी. मुक्कामराव खोलीत गेले आणि ताटली घेऊन आले.

"तळं संपलं नव्हतं. हे मी केलं," ते म्हणाले आणि सगळे सांगितले, न थांबता, काम सांगावे तसे क्रमाने. मालक ताटलीकडे बघत ऐकत राहिले. त्यांना कळले. सोपे होते ते.

"तुमच्या सासऱ्यांच्याही लक्षात आलं नव्हतं?"

"त्यांच्या वेळी बर्फ वेळेवर सुटायचा."

"मग आता उपाय काय?"

"दाताळं घालायचं नाही. कुणी जायचं नाही तिकडं. वाट बघायची."

"किती वर्षं?"

"ते नाही सांगता येत. उरले असतील तर येतील."

मालकांनी ताटली हातात घेतली, परत दिली. माणूस वाईट नव्हता. "वाट बघणं हे काही काम नव्हे, मुक्कामराव," अखेर ते म्हणाले. "त्याच्यासाठी माणूस ठेवता येत नाही. आणि वाट तर तुमच्याशिवायही बघितली जाईल."

मालक खरेच बोलले होते.

मग सगळी कामे उलटी झाली. गाद्या बांधल्या, पंपाचे पाणी काढून टाकले, धुराड्यांना झाकणे लागली. धक्का तुकड्यातुकड्याने काठावर आला. ताज्या डांबराचा वास अजून येत असलेल्या होड्या पुन्हा उपड्या झाल्या. ट्रकमध्ये दोन ट्रंका, भांडी आणि बायको बसल्यावर मुक्कामरावांनी दाताळे आणले आणि सामानावर आडवे घातले. दांडा मागे हातभर बाहेर आला.

"दाजी, शहरात हे कशाला? तिथं सगळं सिमेंट."

"असू दे."

"मालकांचं आहे ते."

"सांगितलंय मालकांना."

मेहुण्याने दांड्याच्या टोकाला लाल चिंधी बांधली आणि गाडी चालू केली.

जिन्याखालच्या खोलीत दाताळे सरळ उभे राहत नाही. दाराच्या मागे तिरपे ठेवावे लागते, आणि दार उघडले की दांडा भिंतीवर ठक्‌ करून आपटतो. त्या आवाजाची बायकोला सवय झाली आहे. नळ खरोखरच घरात आहे. ती अजून त्याच्या तोंडाला फडके बांधते. त्यात काही येत नाही. इथे नवऱ्याला कोणी मुक्कामराव म्हणत नाही, वॉचमन म्हणतात. पुढच्या वसंतात मेहुण्याने कुठूनतरी खबर आणली की वरच्या रस्त्यावरचा पूल पुरात वाहून गेला आहे आणि तो बांधायची कोणाला घाई नाही. म्हणजे मासा आला की नाही हे बघायला जाणारेही आता कोणी नव्हते. मुक्कामरावांनी ते ऐकून घेतले आणि हातातला चहा संपवला.

गोदामाचा कारकून एकदा किल्ल्या न्यायला खोलीवर आला. दाराआडून दाताळे आपटले तसा दचकला. "हे काय हो? बाग करणार की काय इथं?"

"छे," बायको म्हणाली. "ते इथं आहे, म्हणजे तिथं नाही."

कारकुनाला काही कळले नाही. तो वॉचमनकडे वळला, पण ते तोवर बॅटरी घेऊन बाहेर पडले होते आणि गोदामाची कुलपे तपासत चालले होते. पहिल्यापासून, ओळीने, एकही न वगळता.