सगळ्यात मोठा उशीर

चेक देशातल्या तेप्लित्सेच्या बाटल्यांच्या कारखान्यात संगणक सांभाळणाऱ्या व्लास्ताला आपल्यासमोर कुणी सरासरीचं कौतुक केलेलं खपत नसे. "सरासरी ठेवा खिशात. सगळ्यात मोठा उशीर किती, ते बोला."

भट्टीतून वितळलेल्या काचेचा थेंब लोंबतो, कात्री तो कापते, तो साच्यात पडतो. कात्रीला हुकूम देणारं जुनं यंत्र मरायला टेकलं होतं. मालकांनी फर्मावलं, की मोठ्या संगणकात एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटातला आभासी संगणक, करा आणि कात्री तिच्या हवाली करा. आठवडाभराच्या चाचणीत एकही हुकूम शंभर मायक्रोसेकंदांहून, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून, जास्त रखडला, तर भट्टी बंद. काचेची भट्टी एकदा थंड झाली, की कायमची गेली.

व्लास्ताने त्यात तीन वर्षं घातली. प्रोसेसरचे दोन गाभे कात्रीसाठी राखले, दुसऱ्या कुठल्याही कामाला तिथे फिरकू दिलं नाही. चाचणीचे सहा दिवस सगळ्यात मोठ्या उशिराचा आकडा एकेचाळीसवर बसून होता. हा आकडा कधी उतरत नाही. राहतो, नाहीतर चढतो. सातव्या दिवशी ती जेवून आली, तर चारशे बारा.

संगणकाचा मदरबोर्डच मधेच सगळं थांबवून स्वतःची तपासणी करत होता. ते बंद करायची सोय बनवणाऱ्यांनी ठेवलीच नव्हती. मग तीन वर्षं राबून काय उपयोग?

बोहुश आला. रोज सकाळी झाडून सगळ्यांशी हस्तांदोलन करणारा हा माणूस तीस वर्षं दोन थेंबांच्या मधे हात घालून साच्यांना तेल लावत होता.

"एकेचाळीस लिही," तो म्हणाला. "कोण बघतंय?"

"हुकूम रखडला की कात्री अडखळते, बोहुश. थेंब भलतीकडे पडतो. आत हात तुझा असतो."

"माझाच आहे ना? मग मला चालतंय. ह्या वयात मी दुसरीकडे काय पुसू, फरशा?"

"मला नाही चालत."

"तुला काय, तुला कुठेही खुर्ची मिळेल."

हे तिला फार लागलं. तिलाही कुठे काही मिळणार नव्हतं. तरी तिने चारशे बारा लिहिलं.

एप्रिलात भट्टी रिकामी केली. शेवटच्या दिवशी फाटकापाशी बोहुशने सगळ्यांशी हात मिळवला, ज्याला जन्मभर शिव्या घातल्या त्या कारकुनाशीसुद्धा. व्लास्ताने हात पुढे केला. त्याने त्या हाताकडे पाहिलं, आणि आपले दोन्ही शाबूत हात कोटाच्या खिशातच ठेवून तो निघून गेला.