विमानाच्या नाकावरचा कोंबडा

मी चौथीपर्यंत शिकलो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं हातात ब्रश आला तो द्वारका चौकात, एका गॅरेजमागच्या शेडमध्ये. चाळीस वर्षं ट्रक रंगवले. मोर, गरुड, वाघ, मागच्या फाळक्यावर मालकाच्या पोरींची नावं. मग रेडियमचे स्टिकर आले. आता संगणकातून वाघ निघतो, तो कापतात आणि चिकटवतात. लांबून वाघ दिसतो, जवळून दुकानातला पुतळा. असो.

विमानांकडं मला आणलं ते एका रिटायर प्राध्यापकांनी. मी त्यांना सर म्हणतो. खेळण्याएवढ्या विमानांचे सुटे भाग आणायचे, जोडायचे, रंगवायचे, असा त्यांचा छंद. पण हात थरथरतो, म्हणून नाकावरचं चित्र काढायला माझ्याकडं आले. त्यांनी सांगितलं, लढाईच्या काळात वैमानिक आपापल्या विमानाच्या नाकावर चित्र काढून घ्यायचे. कुणी वाघ, कुणी बाई, कुणी नुसते दात. म्हटलं, म्हणजे आमच्या ट्रकवाल्यांसारखंच की! मला ते तिथंच पटलं. नखाएवढ्या जागेत मी त्यांना शार्कचं तोंड काढून दिलं, आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःसाठी एक विमान घेऊन आलो.

मागच्या वर्षी सरांसारख्या छंदवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. मी माझं विमान नेलं. नाकावर माझा गरुड, चाळीस वर्षांचा हात पडलेला. तर ते ठेवलं कुठं? पार शेवटच्या टेबलावर, पाण्याच्या जारशेजारी. वर चिठ्ठी, ‘काल्पनिक’.

सरांना विचारलं, “हे काय?”

“पेंटर, चित्र अप्रतिम आहे. पण असं चित्र खऱ्या विमानावर होतं, याला पुरावा काय? पुढच्या टेबलावर पुराव्याचंच ठेवतो आम्ही.”

“म्हणजे मी काढलेलं खोटं?”

“तसं नाही हो.”

“तसंच आहे.”

विमान उचललं, मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. निघताना सांगून आलो, पुढच्या वर्षी माझं विमान पुढच्या टेबलावर असेल, आणि त्यावरचं चित्र तुमच्यापैकी एकानंही पाहिलेलं नसेल. बोलून गेलो खरं. आता शोधणं आलं.

सूनबाई मोबाईलवर चित्रं काढून दाखवायची. निम्म्या चित्रांत तोकड्या कपड्यांतल्या गोऱ्या बायका. मी चष्मा लावून बारकाईनं बघत होतो, तर मागून आमच्या हिचा आवाज आला, “झालं का बघून? जेवण गार झालं. ट्रकवर मोर काढायचे तेव्हा एवढं जवळून नव्हते बघत!”

“अगं, कामाचं आहे.”

“दिसतंय ना काम.”

सून तोंडाला पदर लावून आत पळाली. पण माझं मन खरंच लागेना, आणि ते बायकांमुळं नाही. जे मोबाईलवर आहे ते सगळ्यांनी आधीच काढलेलं. मला आपल्याकडचं पाहिजे होतं. सर म्हणायचे, “आपल्याकडं अशी चित्रं फारशी झालीच नाहीत. उगाच हट्ट करू नका.” फारशी नाहीत म्हणजे थोडी असणारच, असं मी धरून चाललो.

सहा-सात महिने असेच गेले. मग निफाडकडच्या एका गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव टाकायला गेलो होतो. दुपारी शेजारच्या घरी पाणी मागितलं. ओटीवर एक लोखंडी ट्रंक, आत द्राक्षबागेच्या कात्र्या. आणि ट्रंकेच्या झाकणावर कोंबडा! डोळ्यांवर वैमानिकाचा चष्मा, गळ्यात मफलर, एक पाय वर. रंग उडालेला, पण ऐट तशीच. पाण्याचा तांब्या माझ्या हातातच राहिला.

“ताई, हा कुणी काढला?”

घरची म्हातारी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, “आमच्या मालकांनी. इमानाचे मेकॅनिक व्हते. त्यांच्या इमानावर बी ह्योच कोंबडा व्हता म्हणायचे. सकाळी सगळ्यांच्या आधी त्यांचं इमान उडायचं ना. त्यांना जाऊन आता लय वर्षं झाली, भाऊ.”

“विमानावर? ह्योच?”

“ह्योच. मी म्हणलं, माझ्या लुगड्यावर कधी एक फूल काढलं का? तर नाय. कोंबडं मात्र दोन ठिकाणी!”

तिनं आतून एक फोटो आणला. दोन पंख्यांचं जुनं मालवाहू विमान आणि त्याच्या नाकापुढं चौघे उभे. चौघांनी मिळून कोंबडा झाकून टाकला होता. खांद्यांच्या वर तुरा दिसत होता आणि दोघांच्या मधल्या फटीतून थोडी शेपटी. मी मोबाईलवर फोटोचा फोटो घेतला. ट्रंक मागितली, ती म्हणाली नेऊ नका. बरोबर आहे, मीही दिली नसती. मग बटरपेपर लावून कोंबडा जसाच्या तसा उतरवून घेतला.

घरी येऊन कागद पाहिला. तुरा झकास, पाय झकास, पण शेपटीत एका जागी खोबण. अर्धगोल, आत गेलेली. मनात म्हटलं, गडी हौशी होता, इथं हात चुकला. मी दुसऱ्या कागदावर शेपटी सुधारून घेतली, छान डौलदार केली. तसलंच मालवाहू विमान मिळवून जोडलं आणि त्याच्या नाकावर हरभऱ्याएवढा कोंबडा काढला. ब्रशला सहा केस. काढून झाल्यावर मीच मला शाबासकी दिली.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी विमान आणि फोटो घेऊन सरांकडं गेलो. त्यांनी फोटो लॅपटॉपवर मोठा केला. बराच वेळ बघितला.

“पेंटर, तुरा आहे, मान्य. थोडी पिसं आहेत. पण मधला कोंबडा कुठं आहे? तुरा मोराचाही असेल.”

“मोराचा तुरा असा असतो? मोर मला शिकवता?”

“चिडू नका. ट्रंकेवरचा कोंबडा आणि हा एकच, हे सिद्ध कसं करायचं? आठवणीनं त्यांनी ट्रंकेवर वेगळाच काढला असेल.”

मी पडद्याजवळ वाकून बघत राहिलो. आणि बघता बघता ते दिसलं. शेपटी जिथं दिसते, तिथं विमानाच्या पत्र्यावर एक छोटं गोल झाकण होतं, आतलं काही तपासायला उघडतात तसलं. पिसं त्या झाकणाला वळसा घालून गेली होती.

अरे देवा! ट्रकला मीच काय करतो? वाघाच्या शेपटीत बिजागरी आली की शेपटी वळवतो. नाहीतर फाळका दोनदा उघडला की रंग उडतो. त्या मेकॅनिकनंही तेच केलं होतं. आणि मग तोच खाका घरच्या ट्रंकेवर उतरवला. ट्रंकेला तिथं झाकण नाही, कडी नाही, काही नाही. शेपटी वळवायला कारणच नाही! म्हणजे ती खोबण विमानावरूनच आलेली.

खिशात पहिला बटरपेपर होताच. तो पडद्यावर धरला.

“सर, चित्र मोठं करा. अजून. अजून थोडं. बास!”

तुऱ्याची पाच टोकं पाच टोकांवर बसली. आणि खोबण बरोबर झाकणावर. वाटीवर झाकण बसावं तसं. सर खुर्चीवरून उठले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

“पेंटर,” ते हळूच म्हणाले, “हे मला दहा वर्षांत दिसलं नसतं.”

मी बटरपेपर घडी करून खिशात ठेवला.

मग ते म्हणाले, “पण तुमच्या विमानावर शेपटी सरळ आहे!”

खरंच की. मी शहाणपणा केला होता. मेलेल्या माणसाची चूक सुधारायला गेलो, आणि चूक माझीच निघाली. एवढा झकास कोंबडा, पण शेपटी पुसावी लागणार होती.

“उद्या सकाळी वाकलेली असेल,” म्हटलं आणि घरी आलो. शेपटी खरवडली. पत्र्यावरचं ते झाकण आधी रंगवलं, मोहरीएवढं, आणि त्याला वळसा घालून पिसं ओढली. पहिल्यापेक्षा देखणी झाली, हे मी नाइलाजानं सांगतो.

सकाळी हॉलवर सर पुढच्या टेबलाशीच उभे होते. विमान घ्यायला हात पुढं केला.

“राहू द्या. रंग ओला आहे,” मी म्हटलं. रंग कधीच वाळला होता. पण ते विमान त्या टेबलावर मधोमध मीच ठेवणार होतो, आणि ठेवलं.

चिठ्ठीवर चित्रकार म्हणून मी मेकॅनिकचं नाव लिहायला लावलं. खाली, “प्रतिकृती” असं लिहून माझं.

मी निरोप धाडला होता, त्याप्रमाणं दुपारी ट्रंकवाल्या ताई नातसुनेला घेऊन आल्या. भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या.

“ही शेपटी! मी जन्मभर म्हणत आले, वाकडी काढली म्हणून. नुसते हसायचे.”

“वाकडी नव्हती, ताई. बरोबर होती.”

“मग सांगायचं ना मला!” त्या खऱ्याखुऱ्या रागावल्या, फोटोतल्या माणसावर. मग टेबलाजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि हॉल बंद होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला बोलावून ती शेपटी का वाकली ते सांगत राहिल्या. सरांनाही सांगितलं, दोनदा. सरांनी दोन्ही वेळा नीट ऐकून घेतलं.