आजार एकीचा, मान दुसऱ्याला

सोफेवाल्या काकांना टक्कल पडलं ते ऐन पंचविशीत. काकूंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच डोक्यावर मैदान साफ होतं, आणि तरीही आपण लग्नाला हो म्हटलं, हे उपकार काकू संसारभर ऐकवत आल्या. काका ऐकून घेत. ऐकून घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

खाली दुकान, वर घर. दुकानात काका जुने सोफे उसवायचे, स्प्रिंगा बदलायचे, फोम भरायचे, नवं कापड चढवायचे. काकू दिवसातून दोनदा तरी जिना उतरून खाली यायच्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "ही शिवण तिरकी गेली."

"कुठे तिरकी? सरळ आहे चांगली."

"डोळे तपासून घ्या."

यावर बराच वेळ वाद रंगायचा. समोरच्या दुकानातला चष्मेवाला तर काम थांबवून ऐकत बसे. काकू वर गेल्या की काका गुपचूप ती शिवण उसवायचे, कारण ती तिरकीच असायची.

मग काकूंच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. उपचार व्यवस्थित चाललेत असं डॉक्टर म्हणत होते आणि काकांचा त्यांच्यावर विश्वासही होता. पण केस गेले आणि त्यांच्याबरोबर काकूंचं बोलणंही गेलं. त्या दुकानात येईनात. सख्खी बहीण भेटायला आली, तर झोपल्याचं सोंग घेतलं. काकांनी काहीही म्हटलं तरी एकच उत्तर, "बरं." भाजीत मीठ राहिलं तरी बरं, दूध उतू गेलं तरी बरं. काकांना गाठीची भीती वाटली नव्हती एवढी या 'बरं'ची वाटायला लागली. शेवटी एके दिवशी त्यांनी एका खुर्चीचं कव्हर मुद्दाम वाकडंतिकडं शिवलं, वर नेऊन काकूंना दाखवलं आणि बोलणी खायची वाट पाहिली.

"छान झालंय," काकू म्हणाल्या आणि कूस बदलली.

काका खाली आले आणि हातातलं कव्हर तसंच धरून बसून राहिले. असं किती दिवस चालायचं, आणि आपली बायको आपल्याला परत मिळणार की नाही, हे कुणाला विचारायचं तेच त्यांना कळेना.

हॉस्पिटलातल्या नर्सनं त्यांना एक पत्ता दिला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं जमतात, घेऊन या त्यांना, म्हणाली.

"मी नाही येणार," काकू म्हणाल्या. "हे डोकं घेऊन चारचौघांत कुठे मिरवू? हौस असेल तर तुम्हीच जा."

काका गेले. आधी बघून यावं, आवडलं तर तिला गळ घालता येईल, एवढाच साधा हिशेब.

दारातच त्यांना 'बाई' भेटल्या. या निवृत्त शिक्षिका. स्वतः या दुखण्यातून उठलेल्या आणि आता हा सगळा कारभार सांभाळणाऱ्या. त्यांनी काकांच्या डोक्याकडे पाहिलं. नंतर त्यांच्या गालांकडे पाहिलं, जे महिना-दोन महिने स्वतःच्या हातचं खाऊन पार आत गेले होते. मग त्यांनी हळूच काकांचा दंड धरला. "या. इथे बसा."

खोलीत बाकी सगळ्या लाकडी खुर्च्या आणि एकच गादीची. काकांना त्या गादीच्या खुर्चीत बसवण्यात आलं.

"मी काय म्हणतो, माझी बायको..."

"आज काही सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे नियम आहे. नव्या माणसानं पहिल्या दिवशी बोलायचं नाही, आणि त्याला कुणी काही विचारायचं नाही. नुसतं बसायचं, चहा प्यायचा. दुखणं सांगून सांगून माणूस आधीच थकलेला असतो."

काकांना नियम पटला. शाळेत बसवावं तसे ते गप्प बसले. पण खुर्चीतली एक स्प्रिंग मोडलेली होती, आणि ती जिथे टोचायची तिथेच टोचली. काकांचा चेहरा वेडावाकडा झाला. बोलणं थांबलं. सगळी खोली त्यांच्याकडे पाहायला लागली. कुणीतरी उशी आणली. कुणीतरी खिडकी उघडली. एका आजींनी तर पदर डोळ्यांना लावला. काकांनी चहाचा कप उचलला, तर शेजारच्यानं खालून आधार दिला. निघताना काका सवयीनं खुर्च्या उचलायला गेले, तर चौघं धावले. अख्खा सोफा पाठीवर घेऊन दोन जिने चढणारा हा माणूस, त्याला एक स्टूल उचलू देईनात.

तरीही काकांच्या डोक्यात उजेड पडला नाही. माणसं फार मायाळू आहेत, एवढंच त्यांना वाटलं. शेवटी एक ड्रायव्हर पुढे आला. बस चालवायचा, आजारपणात लोकरीचं विणकाम शिकला होता. त्यानं स्वतः विणलेली टोपी काकांच्या डोक्यावर चढवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "येतात परत. माझे बघा की, पहिल्यापेक्षा दाट आलेत."

तेव्हा कुठे काका समजले. खरं तर तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण ड्रायव्हरचे डोळे भरलेले होते, शिवाय नियमाची पळवाट होतीच. आणि खोटं कशाला बोला, काकांना ते सगळं फार आवडलं होतं. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या पाठीवरून कुणाचा हात फिरला नव्हता.

घरी आले तेव्हा काकू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मागे वळून त्यांनी टोपी पाहिली. "हे काय डोक्यावर?"

काकांनी अपराध्यासारखं सगळं सांगितलं. सांगता सांगता त्या आणून दिलेल्या उशीपर्यंत आले, तेव्हा काकू उठून बसल्या.

"म्हणजे त्यांना वाटलं, तुम्हालाच..."

"हो."

"आणि तुम्ही बसून राहिलात."

"नियम होता ना."

काकूंचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून काका घाबरून जवळ गेले, तर ती बया हसत होती. ऑपरेशनची बाजू हातानं दाबून धरली आणि, "अहो, पुरे, ओढ बसतेय," म्हणत हसत राहिली. हसून झाल्यावर तिचा पारा चढला.

"सुया मी टोचून घेतल्या. ओकाऱ्या मी काढल्या. आणि गादीची खुर्ची यांना? वर टोपी? पुढच्या शनिवारी मी येते आणि सांगते एकेकाला."

"अगं, पण पहिल्या दिवशी बोलायचं नसतं."

"तुमचा झाला ना पहिला दिवस? तो अख्ख्या घराचा धरायचा."

शनिवारी काकू डोक्याला स्कार्फ गुंडाळून निघाल्या. वाचनालयाच्या दाराशी त्यांचे पाय अडखळले. काकांचा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बोटं दुखली. आत गेल्यावर बाईंनी लगबगीनं काकांना गादीच्या खुर्चीत बसवलं, काकूंसाठी लाकडी ओढली आणि म्हणाल्या, "वहिनी, धीर सोडू नका. हे ठणठणीत होतील."

काकू बसल्या नाहीत. मग त्यांनी स्कार्फ सोडला. नवऱ्याशिवाय कुणालाही न दाखवलेलं डोकं त्यांनी सगळ्यांसमोर उघडं केलं आणि काकांची टोपी काढून ते त्यांच्या डोक्याशेजारी धरलं.

"नीट बघून घ्या. माझे केस औषधानं गेलेत. यांचं डोकं आमच्या लग्नाच्याही आधीपासून असंच आहे."

सगळ्यांत आधी ड्रायव्हर फिसकन हसला. मग आजी हसल्या, मग बाईंना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. काकूंनी हातातली टोपी स्वतः घातली, काकांना हाताला धरून उठवलं आणि त्या जागेवर बसल्या. बसताच ताडकन उठल्या. "अहो, सोफेवाले ना तुम्ही? एवढा वेळ बसलात आणि ही स्प्रिंग दिसली नाही?"

त्या शनिवारी काकांना आणखी एक रीत कळली. चहा झाला की घरची माणसं शेजारच्या खोलीत जातात आणि आपापल्या रुग्णांविषयी मनसोक्त कुरकुर करून घेतात. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. कुणाची आई गोळी जिभेखाली लपवून नंतर थुंकायची. ड्रायव्हरच्या बायकोच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडेतिकडे लोकर. फिरत फिरत पाळी काकांवर आली.

"तुमची काय तक्रार?" ड्रायव्हरच्या बायकोनं विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. मधली भिंत पातळ होती. पलीकडून काकूंचा आवाज येत होता, खणखणीत, न थांबणारा. काका कसं तिरकं शिवतात, उलट कसं बोलतात आणि मागाहून गुपचूप उसवतात कसे, सगळं बैजवार चाललं होतं, आणि मधूनमधून तिकडे हशा पिकत होता.

"बायको फार बोलते हो," काका म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

सगळे चपापले. ड्रायव्हरच्या बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काका, एवढ्यासाठी रडायचं?"

"ऐका ना," भिंतीकडे बोट दाखवत काका म्हणाले, "ऐका, किती बोलतेय."