चौथ्या गिअरचा आवाज

आमच्या घरी ती इटालियन गाडी आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, आणि तिच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत होती. यांनी कोंबडीला हात लावू दिला नाही. पिल्लं निघेपर्यंत गाडी अंगणात तशीच उभी राहिली, आणि मी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या गंजक्या धुडाकडे बघून मनातल्या मनात यांना चार शब्द सुनवत राहिले. मनातल्या मनात म्हणजे थोडं मोठ्यानंही.

हे म्हणजे माझा नवरा. कोरपन्याच्या रस्त्यावर यांचं गॅरेज आहे. सिमेंटचे ट्रक, ट्रॅक्टर, कापसाच्या मोसमात मॅटाडोर, असा सगळा धंदा. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, आता निवृत्त झाले. गाडी मूळची कोळसा खाणीच्या एका साहेबाची. साहेब कधीचाच गेला, बंगल्यामागच्या शेडमध्ये गाडी राहिली. बंगला पाडायला काढला तेव्हा मजुरांनी हिला भंगारात टाकलं, आणि यांनी तिथून उचलून आणलं. साठच्या दशकातली, दोनच माणसांची, बुटकी, आणि स्टिअरिंग डावीकडे. पुढे ती रस्त्यावर आली तेव्हा या डाव्या स्टिअरिंगनं फार मजा केली. उजवीकडे मी बसलेली दिसायची, म्हणून गावात बातमी अशी पसरली की मास्तरीणबाई गाडी चालवून राह्यली आणि नवऱ्याला बाजूला बसवून राह्यली. मी ती खोडून काढली नाही.

ट्रक दुरुस्त करून संध्याकाळी हात धुतले की हे या गाडीकडे वळायचे. तळ पूर्ण सडला होता, तो नव्या पत्र्याचा केला. मिळण्यासारखे सुटे भाग या मुलखात नव्हतेच, म्हणून जीपच्या स्प्रिंगा कापून बसवल्या, पंखा दुसऱ्याच गाडीचा लावला. आधी मला वाटलं, जशी होती तशी करतील आणि दसऱ्याला हार घालून ठेवतील. पण एक दिवस बघते तर यांनी दोन्ही बंपर काढून भिंतीला टेकवलेले, दरवाज्यांचे जड पत्रे सोडवून ॲल्युमिनियमचे ठोकायला घेतलेले.

"हे का करून राह्यले?" मी विचारलं.

"हलकी करून राह्यलो. रेसले न्यायची आहे."

नागपूरकडे एका वापरात नसलेल्या धावपट्टीवर जुन्या गाड्यांची शर्यत होणार होती. एकेक गाडी सोडायची, वेळ मोजायची. पासष्टीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला हे काय सुचलं, ते मला तेव्हा कळेना. मी तोंडसुख घेतलं. हे पत्रा ठोकत राहिले. मला वाटलं, दुर्लक्ष करतायत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला तसंच वाटणार.

खरं काय ते कळलं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्याला कारण सासूबाई.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांना तूप आणि हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमची बैलजोडी विकून बरीच वर्षं झाली. तरी सासूबाई दर पोळ्याला तूप कढवतात आणि शेजाऱ्यांच्या बैलांना लावून येतात. त्या वर्षी शेजाऱ्यांनीही ट्रॅक्टर घेतला होता. वाटी हातात घेऊन सासूबाई अंगणात फिरल्या आणि त्यांना गाडी दिसली. यांनी पुढची चाकं काढली होती, आणि ब्रेकचे ड्रम, म्हणजे चाकाच्या आत बसणारी ती लोखंडी गोल भांडी, घासूनपुसून फळीवर पालथी ठेवली होती. ज्याच्यावर चाक फिरतं तोच गाडीचा खांदा, असं म्हातारीनं ठरवलं. बाहेरून लावलं तर पोरगा पुसून टाकेल, म्हणून आतून लावलं. चांगलं चोळून लावलं. आवतणही दिलं.

पोळ्याच्या दिवशी गाडीला काम नाही, असाही हुकूम सुटला. दुसऱ्या दिवशी यांनी ड्रम उचलले आणि न बघता बसवले. आपणच घासून ठेवलेल्या भांड्यात काय बघायचं?

गाडी पहिल्यांदा नीट पळवून बघायची होती. गॅरेजपुढच्या रस्त्याला एक वळण आहे. वळणापलीकडून कोणी येतंय का ते सांगायला मी तिथे उभी राहिले. हे वेगात आले, आणि त्याच वेळी वळणापलीकडून गुराखी गाईंचा कळप घेऊन रस्त्यावर चढला. मी ओरडले. माझा आवाज शाळेच्या मैदानाच्या त्या टोकाच्या पोरालाही जागच्या जागी उभा करायचा. आजूबाजूच्या शेतातल्या बाया निंदणं थांबवून बघायला लागल्या. हे मात्र त्याच वेगात, समोर बघत, खुशीत. गाई दिसल्या तेव्हा यांनी ब्रेक मारला. गाडीनं ब्रेक मानला नाही. शेवटी स्टिअरिंग फिरवून हे सरळ कपाशीत शिरले.

मी धावत पोचले तेव्हा हे गाडीत बसून हुंगत होते. पुढच्या चाकांतून धूर निघत होता आणि सगळ्या कपाशीभर बेसनाचे लाडू वळायला घेतल्यासारखा वास सुटला होता.

"तूप," हे म्हणाले. "मायनं तूप लावलं वाटते."

हसू येत होतं, ते दाबून मी विचारलं, "मी एवढी ओरडली. काऊन थांबले नाई तुमी?"

"ब्रेक लागला नाई ना."

"त्याच्या आधी."

हे खाली बघून म्हणाले, "मले ऐकूच नाई आलं."

डावा कान गेल्याला दोन वर्षं झाली होती. उजव्यात थोडं उरलं होतं, तेही जात होतं. चंद्रपूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. यंत्र घेतलं होतं, ते गॅरेजच्या डब्यात पडलं होतं. माणसाचा आवाज त्यातून कळतो, इंजिनचा कळत नाही, असं यांचं म्हणणं. मी तिथेच कपाशीच्या बांधावर बसले आणि मला रडू आलं. इतके महिने मी बोलत होते ते यांना नकोसं होत नव्हतं, पोचतच नव्हतं.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू आवाज आणखीन वाढवला असता," हे म्हणाले, आणि मग खरं ते सांगितलं. आयुष्यभर इंजिनं कानानं लावली. ट्रकचं इंजिन म्हणजे दिवसभर कुरकुरणारं माणूस. असं एक इंजिन, जे गाण्यासाठीच केलेलं आहे, ते कान पूर्ण जायच्या आत एकदा चौथ्या गिअरमध्ये, पूर्ण ताकदीनं ऐकायचं होतं. उभ्या गाडीत रेस देऊन जमत नाही. "उभी गाडी खोटं बोलते. भार घेतला का मग खरं बोलते." त्याला लांब, मोकळा, सरळ रस्ता लागतो. तो आमच्याकडे नाही. इथे गाई आहेत, ट्रक आहेत, जिवतीकडे गेलं तर घाट आहे. म्हणून धावपट्टी. जिंकण्याशी यांना काही देणंघेणं नव्हतं.

ड्रमला आतून घासणारे ब्रेक लायनर तुपानं भिजून वाया गेले होते. चंद्रपूरहून नवे रिव्हेट करून आणले. सासूबाईंना कोणी काही बोललं नाही. त्यांचं मत आजही असंच आहे की आवतण दिल्यामुळेच गाईंना काही झालं नाही.

त्यानंतर मी गॅरेजमध्ये बसू लागले. त्या गाडीला दोन कार्बोरेटर आहेत, आणि दोन्ही सारखी हवा ओढतात की नाही हे रबरी नळीचं एक टोक त्यांच्या तोंडाशी आणि दुसरं कानाशी धरून ऐकायचं असतं. हे काम यांना आता जमत नव्हतं. नळी माझ्या कानाशी आली. मला यांचे शब्द येत नव्हते, माझे यांना कळत नव्हते.

"डाव्याचा कसा येऊन राह्यला?"

"दूध वर यायच्या आधी भांडं बोलते ना, तसा."

"अन् उजव्याचा?"

"ते दूध आताच ठेवलं."

हे स्क्रू पाव फेरा फिरवायचे, मी पुन्हा ऐकायची. यांना वाटायचं मी घाई करते, मला वाटायचं हे उगाच शंका काढतात. एकदा मी नळी फेकून घरी निघून आले आणि थोड्या वेळानं चहा घेऊन परत गेले. पण दोन्हीकडचं दूध एकाच वेळी वर यायला लागलं तेव्हा मी यांचा हात दाबला, आणि यांनी स्क्रूला लगेच रंगाचा ठिपका लावला, पुन्हा कोणी हलवू नये म्हणून. संसारात आम्ही एवढं लक्ष देऊन एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. मला त्या संध्याकाळी फार आवडायच्या, हे मी यांना सांगितलं नाही, इथे लिहिते आहे.

शर्यतीच्या दिवशी धावपट्टीवर चकचकीत गाड्या आल्या होत्या. त्यांच्या मालकांनी आमच्या ठोकलेल्या दरवाज्यांवरून कौतुकानं हात फिरवला, जीपच्या स्प्रिंगा बघून वाकून फोटो काढले. आमचा नंबर आला. हे डावीकडे बसले, मी उजवीकडे, म्हणजे यांचा उरलेला कान माझ्या बाजूला. पट्टे बांधले. तेवढ्यात एक मुलगी दोन हेल्मेट घेऊन आली.

हेल्मेट आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. कोरपन्याच्या रस्त्यावर गाडीत हेल्मेट कोण घालतं? यांनी ते डोक्यात घातलं. काढलं. पुन्हा घातलं. इंजिन चालू होतं. यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी यांचा चेहरा बघून समजले. आतून जाड स्पंज, कानावर गच्च. उजव्या कानात जे थोडं उरलं होतं त्याच्यावरही झाकण बसलं होतं.

मी त्या मुलीशी बोलले, म्हणजे आधी विनवलं आणि मग भांडले. ती हळू आवाजात, नियम आहे काकू, एवढंच म्हणत राहिली. तिचं चुकत नव्हतं. नवा ॲल्युमिनियमचा दरवाजा, घरी केलेला तळ, यांचं वय. मीही माझ्या माणसाला उघड्या डोक्यानं सोडलं नसतं.

यांनी माझ्या मांडीवर थापटलं. "राहू दे. बस तू. तू ऐक."

झेंडी पडली. पहिला, दुसरा. तिसऱ्यात मी सीटला चिकटले. मग चौथा पडला आणि ती गाडी जे बोलायला लागली ते मी नळीतून कधी ऐकलं नव्हतं. खालून उचललं, भरत गेलं, आणि वर जाऊन तिथेच टिकलं, पोटातून, घशातून, सगळ्या पत्र्यातून. मधेच एक बारीकशी अडखळ आली आणि गेली. माझ्या बाजूला हे सरळ समोर बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर, अगदी शांततेत बसले होते. इतक्या मोठ्या आवाजात इतकं शांत माणूस मी बघितलं नाही. मला तो आवाज एकटीनं नको होता.

पट्टी संपली. गाडी कडेला उभी राहिली, इंजिन बंद झालं. यांनी हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते.

"सांग," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं. दूध म्हणून बघितलं, पाणी म्हणून बघितलं, काही लागू पडेना. आयुष्यभर बोललेली बाई मी, आणि एक शब्द नाही. लोक आमच्याकडे चालत येत होते. मी माझं हेल्मेट काढलं, यांचा हात उचलला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. डोळे मिटले आणि तो आवाज काढला. पहिल्यापासून. दुसरा. तिसऱ्याला श्वास घेतला आणि चौथा लावून धरला, जितका दम होता तितका. येणारे लोक थांबले असतील, मी बघितलं नाही.

संपल्यावर डोळे उघडले. यांचा हात तिथेच होता. डोळे भरले होते, आणि कपाळावर गॅरेजमधली ती ओळखीची आठी.

"चौथ्यात जरासा अडखळते," हे म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "अडखळला."

यांनी हात काढला नाही. थोडे सरकून जवळ बसले.

"अजून एकडाव कर," हे म्हणाले, आणि मी पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात केली.