गफूरचाचांची निवडणूक

धारूरच्या आमच्या गल्लीत गफूरचाचा कुणाला भेटले की सलाम नाही, राम राम नाही, पहिला प्रश्न, "पाणी आलं का?" नाही म्हटलं की त्यांचाच चेहरा पडे. त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. हातातलं काम टाकून ते नगर परिषदेत भांडायला जात आणि इकडे गिऱ्हाईक ताटकळत बसे. चाची वैतागून म्हणायच्या, "ह्यांना तिथंच एक खुर्ची द्या म्हणावं."

ती खुर्ची मिळवायला चाचा खरंच निवडणुकीला उभे राहिले. पक्ष नाही, पाठीशी कुणी पुढारी नाही. म्हणणं एकच, आमच्या वरच्या गल्लीलाही खालच्या गल्लीइतकं पाणी मिळावं. पाण्याचा व्हॉल्व्ह कुणाच्या इशाऱ्यावर फिरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं; उघड बोलले फक्त चाचा. गल्लीनं त्यांना डोक्यावर घेतलं. "आता टँकरमागं पळायचं न्हाई," म्हणत माझी आई नाचायचीच काय ती बाकी होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी समोरच्या उमेदवाराची माणसं बेलाची पानं आणि भंडारा घेऊन घरोघर फिरली. बेलभंडार उचलून देवाची शपथ घेतली की मत तिकडेच, हा आमच्याकडचा जुना रिवाज. चाचांचे कार्यकर्ते हबकले. "चाचा, आपन बी शपथा घ्यायला लावू."

चाचा भडकले. "शपथेवरचं मत म्हणजे दावं लावून आणलेलं जनावर. मला न्हाई पायजे. लोक आपलेच हायेत बे!"

लोक त्यांचेच होते, आणि चाचा पडले.

निकालाच्या संध्याकाळी आई त्यांच्या दारात जाऊन रडली. "गफूरभाई, त्यांनी हातावर भंडारा ठेवला. न्हाई कसं म्हणू? घरात लेकरं हायेत."

"कावून रडता आक्का?" चाचा म्हणाले. "देवाला दिलेला शब्द पाळला तुमी. मोडला असता तर मलाच वंगाळ वाटलं असतं."

त्यांना खरंच राग आला नव्हता. तेच मला आजही सहन होत नाही. त्यानंतर मात्र ते कुणाला पाण्याचं विचारेनासे झाले. मान खाली घालून कूलर दुरुस्त करत, दुकान बंद करून सरळ घरी जात. पुढच्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि चाचा गेले.

यंदाच्या निवडणुकीत माणसं पुन्हा भंडारा घेऊन आमच्या दारात आली. आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मावशी, देवाचा कोप होईल," त्यातला एक म्हणाला.

"व्हायचा तो होऊन गेला," आई म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.